ध्रुवताऱ्याची उंची मोजताना दोरा हलायचा, त्यावरचा उपाय

नाशिकला गच्चीवर मुलांसोबत ध्रुवतारा मोजायचा होता. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवली, मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली खोडरबर बांधला. सप्तर्षींतल्या पुलह-क्रतू या दोन ताऱ्यांची रेषा साधारण पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो. तो मुलीने लगेच शोधला, पण वाऱ्याने दोरा झुलत राहायचा आणि आकडा वाचायला टॉर्च लावला की डोळे दिपायचे.

खोडरबर काढून जड लोखंडी नट बांधला. एकाने स्ट्रॉमधून बघायचं, दुसऱ्याने दोरा स्थिरावताच चिमटीत दाबायचा. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी गुंडाळला. आता दोरा 70च्या आसपास येतो; 90तून वजा करा, 20 अंश. नाशिकचा अक्षांशही तोच! ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे मुलांना पटायला दुसरा पुरावा लागलाच नाही.