ऑफिस लिनक्सवर नेताय? आधी जुने फॉण्ट बघा

कॉलेजचं किंवा एखाद्या सरकारी खात्याचं ऑफिस विंडोज-एमएस ऑफिस सोडून लिनक्स-लिब्रेऑफिसवर न्यायचं तर बॅकअप आलाच, ते सांगत बसत नाही. साहेबांसमोर 'फुकट आहे'ने सुरुवात करू नका, फुकट म्हटलं की लोकांना संशय येतो. केंद्राचं २०१५चं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) धोरण प्रिंट करून न्या, त्यात आहे की निविदेत ओपन सोर्सचा विचार करायचाच, वगळलं तर कारण द्यायचं. तुमच्या कॉलेजला ते बंधनकारक नसेलही, पण फाइलला लावायला कागद लागतो ना. लिनक्स वापरणाऱ्या केरळच्या सरकारी शाळांचं उदाहरण द्या. कुणी जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं काढेलच (२००३ला लिनक्स ठरवलं, २०१७ला विंडोजवर परतायचा ठराव), तिथे वाद घालत बसू नका.

आता मुख्य. फॉण्ट. जुने मराठी फॉण्ट. बोनाफाइडचे नमुने, पत्रं, याद्या, सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये पडलेलं असतं. त्या फाइलच्या आत मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉण्ट वरून मराठी दाखवतो. नवीन मशीनवर तो फॉण्ट नसला की अख्खं पत्र कचरा. मागच्या वेळी प्रिंटर बघितले, स्कॅनर बघितला, हे राहिलं, आणि बारनिशीतल्या मॅडमनी पहिलं पत्र उघडल्यावर दुपारपर्यंत ऑफिसभर झालं की लिनक्समध्ये मराठी येत नाही. लिनक्सचा काही संबंध नाही, पण ऐकतो कोण.

म्हणून एकाही मशीनला हात लावायच्या आधी प्रत्येक टेबलावर जा, जुन्या फाइली उघडा, फॉण्टचं नाव लिहून घ्या. विचारू नका, उघडा. विचारलं की 'युनिकोडच आहे हो' (म्हणजे फाइलच्या आत खरी मराठी अक्षरं) हेच उत्तर येतं. फॉण्ट उचलून लिनक्सवर टाकला तर दिसेल, पण शोधायला गेलात की काही सापडणार नाही, शिवाय लायसन्स? युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण अख्खी फाइल एकदम टाकू नका, मधला इंग्रजी मजकूरही मराठी समजून बदलतो आणि ईमेल पत्त्यांची वाट लागते. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते, तेव्हा नावं-आडनावं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, दाखल्यावर नाव चुकलं तर पालक थेट प्राचार्यांकडे जातात. सगळं बदलायचं नाही, रोजचे नमुने बदला, बाकीचं पीडीएफ करा, तेही जुन्या मशीनवरच, तिथे फॉण्ट आहे तोवर. आणि फॉण्टची यादी पूर्ण होईपर्यंत जुनी मशीन फॉरमॅट करायची नाहीत, कुणी कितीही घाई करो.

टायपरायटरच्या लेआउटवर हात बसलेल्यांना इनस्क्रिप्टसाठी (युनिकोड मराठीचा कीबोर्ड लेआउट) वेळ द्या, टोमणे मारू नका.

शिकवायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिब्रेऑफिसचे मराठीतही, छोटे व्हिडिओ, पुरतात. लॅबमधल्या गणितासाठी सायलॅब, लायब्ररीच्या नोंदींना कोहा, ही दोन्ही ओपन सोर्स, पण अभ्यासक्रमात दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव छापलेलं असेल तर आधी अभ्यास मंडळ गाठा. टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनसाठी एक विंडोज मशीन राहू दे, तत्त्वाचा प्रश्न करू नका. प्रिंटर एकेक चालवून बघा. मार्चएंड आणि ॲडमिशनचे दिवस सोडून कधीही सुरू करा.