करवतीच्या दात्यांनी जोडलेली नागपुरी क्रेझी क्विल्ट

नागपूरचा इतिहास कापडावर आणायचं म्हटलं की बायका सरळ झिरो माइलचे चार घोडे काढायला बसतात. घोडा भरायला कठीण, आणि तो जमला तरी त्याच्या भोवतीचं कापड मुकंच राहतं. माझं सांगणं असं, की आधी तुकडे आणि त्यांचे जोड नागपूरचे करा, चित्र नंतर येऊ द्या. क्रेझी क्विल्टमध्ये सगळी जान जोडांतच असते.

आपल्या गोधडीत धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो. इथे तसं नाही. वेडेवाकडे तुकडे एका साध्या कापडावर शिवायचे आणि प्रत्येक जोड भरतकामाने झाकायचा. हा प्रकार अमेरिकेत १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर भराला आला. तिथल्या जपानी दालनाने लोकांना वेड लावलं होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत घरोघरी रेशमाचे, मखमलीचे तुकडे जोडले जाऊ लागले. त्या प्रदर्शनानंतर वर्षभराच्या आत, १ जानेवारी १८७७ ला, आपल्याकडे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच हा दिवस, म्हणून ते नाव.

तुकडे जमवताना दुकानात जाऊ नका. आधी घरातल्या आणि शेजारच्या ट्रंका उघडा. माझ्याकडे सासऱ्यांच्या धोतराचा तुकडा आहे, आईच्या सुती लुगड्याचा काठ आहे, टसरची एक फाटकी साडी आहे. मागच्या गल्लीतल्या आजींकडे करवतकाठी मागायला गेले तर म्हणाल्या, "काठ तेवढा घेऊन जाय वो, पदर मले राहू दे." जेवढं देतील तेवढंच घ्यावं. काही कमी पडलंच तर गांधीबागेत जा, पण नव्या कापडाचे दोन-तीन तुकडेच असू द्या.

आता पाया. मांजरपाट आधी गरम पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पुढे आकसतो. बारा इंची चौकोन हवा असेल तर चौदा इंचाचा कापा, कारण भरताना कापड ओढलं जातं. मधोमध पाच कोनांचा तुकडा टाचणीने लावा. दुसरा तुकडा त्याच्या एका बाजूवर सुलटीवर सुलट ठेवा, पाव इंचावर टीप मारा, उलटवून इस्त्री फिरवा. मग पुढची बाजू. असं गोल फिरत कडेपर्यंत जायचं. टसर आणि जुनं रेशीम उसवतं, त्याला मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा. लाल आणि काळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा. रंग लागला तर तो तुकडा वापरू नका, कितीही आवडता असला तरी.

आता मुख्य काम. करवतकाठी साडीचं अंग टसरचं आणि काठ सुती. विणकर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवतो, काठाचा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवतो, आणि त्या अडकण्यातूनच करवतीसारखे दाते उमटतात. म्हणजे दोन वेगळी कापडं एकमेकांना धरून राहावीत, म्हणून ते दाते. आपल्याला जोडावर नेमकं हेच करायचं आहे.

त्यासाठी काजटाका पुरतो. ज्या तुकड्याला काठ मानलं त्याच्याच रंगाचा दोरा घ्या, सहा पदरांतले तीन. काजाची कड जोडाच्या रेषेवर बसली पाहिजे आणि टाक्याच्या उभ्या रेघा शेजारच्या तुकड्यात शिरल्या पाहिजेत. पहिली रेघ एक सूत (इंचाचा आठवा भाग) उंच, दुसरी दोन, तिसरी तीन, मग परत दोन, एक. झाला एक दाता. दोन रेघांमध्ये अर्ध्या सुतापेक्षा जास्त फट नको, नाहीतर दाता भरीव दिसत नाही. पहिले दहा-बारा दाते खडूने आखून घ्या, पुढे हात आपोआप मोजतो. दोरा ओढताना बोट जोडावर दाबून धरा. टोकाशी जोर लागला की टसर लगेच चुरगळतं. भरतकामाची रिंग लावायचीच असेल तर जुन्या रेशमाखाली मलमल घाला आणि काम थांबलं की रिंग काढून ठेवा.

सगळेच जोड करवतीचे करू नका, डोळा थकतो. एखाद्या जोडावर फेदर टाक्याने संत्र्याची डहाळी काढा, लेझी डेझीची पानं आणि केशरी फ्रेंच नॉट. नागपूर–नागभीडच्या जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ हवे असतील तर देठटाक्याच्या दोन रेघा आणि मध्ये आडवे सुटे टाके. हेरिंगबोन टाका कुठेही चालतो.

चित्रं मोजकीच ठेवा, चौकोनाला एक पुरे, आणि ती कापडाशी बोलणारी निवडा. मिलच्या सुती तुकड्याशेजारच्या खादीवर मी चरखा भरते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात लोक जो झेंडा घेऊन नागपूरच्या रस्त्यावर उतरले, त्यावर चरखाच होता. मिल आणि चरखा एकाच जोडाच्या दोन बाजूंना आले की हे शहर काय काय जगलं ते दिसतं. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी लहान मुलाच्या जुन्या झबल्यावर शोभतो. बाहेरची रेघ देठटाक्याची, झूल साटिन टाक्याची, चाकं साखळी टाक्याची.

दीक्षाभूमीसाठी मी रंग वापरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला लोक पांढरी वस्त्रं नेसून तिथे आले होते. म्हणून पांढऱ्या सुती कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने बोधिवृक्षाचं पान भरते, शिरा एकपदरी उलट्या टिपेने. उजेड तिरका पडला की पान उठून दिसतं. या तुकड्यावर टिकल्या, मणी, जरी, काहीच नको.

तिकडच्या जुन्या क्विल्टवर शुभ म्हणून कोळी आणि त्याचं जाळं भरायचे. आपल्याला ते उसनं घ्यायची गरज नाही. घरादारावरचं संकट वाहून नेणारी मारबत, मिरवणुकीने नेऊन जाळायचा पुतळा, आपल्याकडे आहे. काळी आणि पिवळी, दोघींना शेजारशेजारच्या तुकड्यांवर बसवा. चेहरा भरत बसू नका, पिवळीला पसरलेले हात आणि काळीला मोठे डोळे एवढ्यावर नागपूरचा माणूस ओळखतो.

भरून झालं की चौकोन उलटा ठेवून मऊ टॉवेलवर इस्त्री करा, बारा इंचांवर कापा, चौकोन एकमेकांना जोडा आणि त्या जोडांवरही दाते काढा. आत कापूस भरायचा नाही. मागे अस्तर लावून दर सहा इंचांवर मागच्या बाजूने गाठ मारली की थर सरकत नाहीत. अस्तराच्या कोपऱ्यात कोणता तुकडा कुणाच्या घरचा ते दोऱ्याने लिहा. तीस वर्षांनी विचारायला कुणी असेलच असं नाही.

ही क्विल्ट धुवायची नाही. झटकायची आणि सावलीत वारा द्यायचा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात लाल रंग एका हंगामात विटतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका. ठेवायची असेल तर घडी घालू नका, घडीवर रेशीम चिरतं. धुतलेल्या मलमलीसकट गुंडाळी करा, भरतकाम बाहेरच्या बाजूला, आणि पोळ्याच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली की, एकदा उलगडून बघा.