भरती-ओहोटीचा आलेख कोसाइनमध्ये बसवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या मुलांना आवर्ती गती शिकवताना मी मुंबईच्या भरती-ओहोटीचेच उदाहरण घेते. भरतीच्या वेळा आणि उंची वर्तमानपत्रात सहज मिळतात, शिवाय आपले उत्तर बरोबर आले की नाही हे वरळीच्या किंवा माहीमच्या किनाऱ्यावर जाऊन डोळ्यांनी पडताळता येते. इतक्या वर्षांत तपासलेल्या प्रकल्पांवरून माझे ठाम मत झाले आहे की, मुलांची चूक त्रिकोणमितीत क्वचितच असते. ती समुद्रावरचा आकडा उचलून सूत्रात ठेवताना होते.

समजा, एखाद्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी ४.६ मीटरची भरती आहे आणि संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी ०.९ मीटरची ओहोटी. या दोन नोंदींची सरासरी २.७५ मीटर ही मध्यरेषा झाली आणि त्यांच्या फरकाचे निम्मे, म्हणजे १.८५ मीटर, हा आयाम झाला. मध्यरात्रीपासून मोजलेले तास ‘का’ मानले तर सूत्र असे होते:

उंची = २.७५ + १.८५ × कोसाइन [०.५०६ × (का − १२.१७)]

येथे ०.५०६ म्हणजे २π (पाय) भागिले १२.४२; एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत लागणारे तास, म्हणजे आवर्तकाल, हा १२.४२. पुष्कळ जण या जागी आवर्तकाल १२.४२ तसाच लिहून टाकतात आणि मग आलेखात दर अर्ध्या तासाला भरती येऊ लागते. आयामाच्या जागी पूर्ण फरक ३.७ घेणारेही कमी नाहीत. त्यांचा समुद्र ६.४५ मीटरपर्यंत चढतो आणि शून्याच्या जवळजवळ एक मीटर खाली जातो. सूत्र लिहून झाल्यावर त्यातून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान उंची काढून मूळ नोंदींशी ताडून पाहिली, तर ही चूक लगेच पकडता येते. १२ वाजून १० मिनिटे म्हणजे १२.१७ तास, १२.१० नव्हे, हेही लक्षात ठेवावे. दहा मिनिटांच्या बाबतीत फरक चारच मिनिटांचा पडतो, पण १२ वाजून ५० मिनिटे हे १२.५० लिहिले तर वीस मिनिटांची चूक होते.

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक मात्र कॅल्क्युलेटरची आहे. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने दर तासाची उंची काढून आणली, तर प्रत्येक ओळीत ४.६० होते. दुपारी तीन वाजता ४.६०, सव्वासहाला, जेव्हा खडक उघडे पडलेले असतात, तेव्हाही ४.६०. बिचारीने सूत्र तीनदा तपासले होते आणि सूत्रात काहीच चूक नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात अंशांचे ‘डी’ हे अक्षर दिसत होते. तीन वाजताचे कंसातले उत्तर रेडियनमध्ये १.४३ होते आणि यंत्राने ते १.४३ अंश समजून घेतले. इतक्या लहान कोनाचा कोसाइन जवळजवळ १ असतो, म्हणून पाणी हललेच नाही. रेडियन निवडल्यावर तीन वाजताची उंची ३.०१ मीटर आली. ज्यांना अंशांतच काम करायचे आहे त्यांनी ०.५०६ ऐवजी ३६० भागिले १२.४२, म्हणजे ताशी सुमारे २९ अंश, घ्यावेत.

कंसाची चूक अधिक फसवी असते. ०.५०६ × का − १२.१७ असे लिहिले तर भरती १२.१७ तासांनी सरकत नाही, सुमारे २४.०५ तासांनी सरकते. आणि त्यातून एक आवर्तकाल वजा केला की भरतीची वेळ ११ वाजून ३८ मिनिटे येते. खऱ्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाचाच फरक पडत असल्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की निसर्गात एवढे चालायचेच. दुसऱ्या एखाद्या दिवसाच्या नोंदी घेतल्या तर हाच फरक सहा तासांपर्यंतही जाऊ शकतो.

आता आवर्तकाल. तो १२ तास धरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण भरती चंद्राच्या मागे जाते आणि चंद्राचा दिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो, म्हणून निम्मा काळ १२ तास २५ मिनिटे येतो. पंचवीस मिनिटे किरकोळ वाटतात; आठवड्यात चौदा भरत्या होतात, आणि चौदा वेळा पंचवीस म्हणजे जवळजवळ सहा तास. ज्या क्षणी सूत्र भरती सांगते त्या क्षणी किनाऱ्यावर ओहोटी असते. कोकणात तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जो आडाखा आहे, तो नेमका हाच सरकता काळ धरून ठेवतो: पंधरा तिथींत बारा तास, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे, आणि आडाख्यात ४५. घड्याळ हाती नसताना हे ज्यांनी बसवले त्यांच्या निरीक्षणाला मी वर्गात नेहमी मान देते. एकाच भरती-ओहोटीतले अंतर दुप्पट करूनही आवर्तकाल काढू नये. वरच्या उदाहरणात ते १२ तास २० मिनिटे येते. अनेक भरत्यांच्या वेळा घेऊन सरासरी काढावी.

उंचीचा शून्य कुठे आहे, हेही विचारायला हवे. भरतीच्या कोष्टकातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, तर सागरी नकाशांच्या आधारपातळीपासून मोजलेली असते, आणि मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्या पातळीच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. त्यामुळे ४.६ मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीच्या ४.६ मीटर वर पाणी नव्हे. जमिनीची उंची आणि भरतीची उंची थेट शेजारी ठेवणारा विद्यार्थी इथे फसतो.

यानंतरही सूत्र चार-पाच दिवसांत बिघडू लागते, आणि ही गणिताची चूक नसते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी उंचीची भरती, असतो; एकच आयाम असलेल्या कोसाइनला हे दाखवता येत नाही. मुंबईत चंद्राच्या मुख्य तरंगाचा आयाम सुमारे सव्वा मीटर आहे आणि १२ तासांच्या सूर्याच्या तरंगाचा सुमारे अर्धा मीटर. हे दोन कोसाइन मिळवले की साधारण पावणेपंधरा दिवसांनी ते पुन्हा जुळतात आणि उधाण-भांगाचे चक्र आपोआप उमटते. एकाच दिवसाच्या दोन भरत्या कमी-जास्त का असतात, हे दाखवायला सुमारे २४ तासांचे तरंगही मिळवावे लागतात. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८७२ मध्ये चाके आणि कप्प्या जोडून हीच बेरीज करणारे यंत्र घडवले, आणि १८७९ मध्ये भारतीय बंदरांसाठी असे वेगळे यंत्र लंडनमध्ये तयार झाले.

एकच तरंग पुरेसा मानण्याची हीच चूक तापमानाच्या प्रकल्पात होते. मुंबईचे कमाल तापमान बारा महिन्यांच्या एकाच कोसाइनमध्ये बसवले तर ऑक्टोबरची काहिली त्यात दिसतच नाही. इथे पारा एप्रिल-मेमध्ये चढतो, जुलै-ऑगस्टच्या पावसात उतरतो, ऑक्टोबरात पुन्हा वर जातो आणि जानेवारीत खाली येतो. वर्षात दोन शिखरे असल्यामुळे सहा महिन्यांचा दुसरा कोसाइन घ्यावाच लागतो. म्हणून सूत्र लिहिण्याआधी नोंदींचे बिंदू कागदावर मांडावेत आणि एका वर्षात आलेख किती वेळा चढतो, हे बोटाने मोजून घ्यावे.