बर्नआउटमधून सावरताना सलूनवाल्यांनो, या चुका टाळा

अपॉइंटमेंटची वही भरलेली, आणखी एक खुर्ची टाकायचा विचार चालू, आणि सकाळी शटर वर करताना मालकिणीला मात्र आत पाऊलही टाकवत नाही. वाढत्या ब्युटी व्यवसायात हे चित्र सर्रास दिसतं. त्यावरचे उपायही ठरलेले असतात: सुट्टी, मसाज, योगा, जरा फोन बाजूला ठेवणं. यातलं काहीच वाईट नाही. पण आठवड्याला ६० तासांचं वेळापत्रक जिथल्या तिथे राहतं आणि इलाज फक्त माणसावर होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाचा ताण बराच काळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी, कामाशी निगडित अवस्था, असं म्हटलं. त्याच्या खुणा तीन: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याला हे जमत नाही असं वाटू लागणं. सलूनमध्ये पहिली खूण सगळ्यांना कळते. दुसरी म्हणजे नेहमीची क्लायंट दारात दिसली की कपाळावर आठी येते. तिसरी सगळ्यात उशिरा ओळखू येते. वर्षानुवर्षं कलर करणारी बाई ६ टक्के डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड) घेऊ की ९ टक्के यावर अडते, मिक्स केलेला बाऊल फेकून परत करते, क्लायंटच्या रंगाची नोंद ठेवणारं फॉर्म्युला कार्ड भरायचं सोडून देते, रंगाची अॅलर्जी बघायला ४८ तास आधी करायची पॅच टेस्ट 'या वेळी राहू दे' म्हणते. सुरक्षिततेच्या पायऱ्या गळायला लागल्या की आणखी एक महिना ढकलून नेण्याचा विचारही करू नका.

दहा दिवसांची सुट्टी म्हणजे उपाय असं समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

एका चार खुर्च्यांच्या हेअर सलूनचं उदाहरण घ्या. मालकीण जीव मेटाकुटीला आल्यावर दहा दिवस बाहेर जायचं ठरवते. क्लायंट नाराज नकोत म्हणून त्या दहा दिवसांतलं सगळं बुकिंग आधीच्या दोन आठवड्यांत ओढून घेते. ते दोन आठवडे रोज अकरा-अकरा तास उभं राहून जातात. सुट्टीचे पहिले चार दिवस नुसते झोपण्यात जातात. पाचव्या दिवसापासून स्टाफचे फोटो येऊ लागतात: 'ताई, यांना मागच्या वेळी ७.१ शेड लावली होती की ७.३?' कारण फॉर्म्युला कार्डावर नसतो, ताईंच्या डोक्यात असतो. परत येते तर रिसेप्शनवरच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात एकही फट न ठेवता बुकिंग घेतलेलं. तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

खरा फटका पुढे बसतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणून रूट टच-अपची (मुळाशी नव्याने दिसणारे केस रंगवून घेणारी) क्लायंट चार ते सहा आठवड्यांनी परत येते. एरवी या क्लायंट महिनाभर पसरलेल्या असतात. सुट्टीआधी त्यांना दोन आठवड्यांत कोंबलं, की पाच आठवड्यांनी त्या सगळ्या एकदमच दारात उभ्या राहतात. जेल नेल्सचं तसंच, फक्त फेरा दोन-तीन आठवड्यांचा. सुट्टी संपून महिना होतो न होतो तोच नवीन लाट येते, आणि 'सुट्टी घेऊनही काही फरक पडला नाही' म्हणून बाई आणखी खचते. फरक पडणार कसा? तिने काम कमी केलंच नव्हतं, फक्त त्याची जागा बदलली होती.

सुट्टी जरूर घ्या, पण तारीख ठरल्याबरोबर कॅलेंडरवर आधी परतल्यानंतरचे तीन दिवस अर्धे बंद करा. सुट्टीआधी रोजच्यापेक्षा एकही क्लायंट जास्त घेऊ नका. ज्यांना हलवायचं त्यांना एकाच बाजूला न ढकलता मागच्या-पुढच्या तीन-तीन आठवड्यांतल्या रिकाम्या जागांत विखरा. थोड्या क्लायंट दुसरीकडे जातील, जाऊ द्या. नेहमीच्या कलर क्लायंटची कार्डं निघण्याआधी पूर्ण करा: शेड, प्रमाण, डेव्हलपरची टक्केवारी, किती मिनिटं ठेवला आणि मागच्या पॅच टेस्टची तारीख. एका कार्डाला पाच मिनिटं लागतात. तेवढाही वेळ नाही म्हणणाऱ्यांनी सुट्टीचे पैसे वाया घालवू नयेत.

हात मोकळे केले, डोकं नाही

दुसरी मोठी चूक म्हणजे काम वाटून देणं आणि निर्णय स्वतःकडे ठेवणं. मालकीण मंगळवारी घरी असते. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल सगळं स्टाफ करतो. पण क्लायंट फेशियलबद्दल कुरकुरली, फोन. वॅक्स संपत आलं, फोन. कोणी उशिरा आली, घ्यायची की नाही, फोन. अशा दिवसाला सुट्टी म्हणता येत नाही. सलूनमध्ये निदान समोर काय चाललंय ते दिसतं. घरी बसून तेच सगळं न पाहता ठरवावं लागतं, आणि ते जास्त थकवतं.

'माझ्या मुलींना निर्णय घेता येत नाहीत,' ही तक्रार नेहमीची. त्यांना हद्द आखून दिलेली नसते, मग त्या विचारणारच. हद्द लेखी द्या, एका पानावर:

- क्लायंट नाराज असेल तर सात दिवसांच्या आत तेवढीच सर्व्हिस मोफत परत करून द्यायची. त्यासाठी विचारायचं नाही.
- पैसे परत मागितले तर एका सर्व्हिसच्या रकमेपर्यंत सीनियर मुलगी ठरवेल.
- १५ मिनिटांपेक्षा उशीर झाला तर कट होईल, कलर होणार नाही.
- मालकिणीला फोन फक्त तीन गोष्टींसाठी: त्वचेला किंवा डोळ्याला इजा, आग किंवा पाणी, पोलीस किंवा सरकारी माणूस.

मालाची ऑर्डरही डोक्यातून काढा. दर आठवड्याचा वापर गुणिले माल यायला लागणारे आठवडे, अधिक एका आठवड्याचा वापर, असा आकडा काढून शेल्फवर चिकटवा. एखादी शेड आठवड्याला सहा ट्यूब लागत असेल आणि माल दोन आठवड्यांनी येत असेल, तर १८ ट्यूब उरल्या की ऑर्डर जाते. कोणी कोणाला विचारायची गरज पडत नाही.

बुकिंगचा नंबर वेगळा घ्या आणि तो फोन सलूनच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या. स्वतःच्या फोनवर बिझनेस व्हॉट्सअॅप ठेवून 'मी रात्री बघत नाही' म्हणणारी माणसं रात्री बघतातच. आपोआप जाणाऱ्या उत्तरात दोन वेळा लिहा, समजा सकाळी ११ आणि संध्याकाळी ५, आणि मेसेजला त्याच वेळी उत्तर द्या.

सोडायचा क्रमही बहुतेक जण उलटा धरतात. आधी अवघड कलर करेक्शन (बिघडलेला रंग दुरुस्त करणं) नवख्या मुलीच्या हातात देतात आणि फोन, ऑर्डर, गल्ला स्वतःकडे ठेवतात. आधी फोन सोडा, मग ऑर्डर, मग गल्ला मिटवणं. करेक्शन सगळ्यात शेवटी. आणि शिकवायला धीर धरा. दोनदा बघून मुलगी तयार होत नाही. आधी ती बघेल, मग तुमच्यासमोर करेल, मग तुम्ही फक्त कन्सल्टेशनला आणि शेवटी धुताना हजर राहाल. ही मधली पायरी गाळणाऱ्यांकडेच 'स्टाफ मिळत नाही' हे रडगाणं कायम असतं.

काय कमी करायचं ते मनाने ठरवणं

थकलेला माणूस ज्याचा कंटाळा आलाय ते बंद करतो. बरेचदा नेमकं तेच कमाई देणारं असतं. रेटकार्डावरची प्रत्येक सर्व्हिस घ्या. रेटमधून माल आणि कमिशन वजा करा, उरलेल्या रकमेला खुर्चीवर गेलेल्या तासांनी भागा, सफाईची १५ मिनिटं धरून. बॅलायाजचा (ब्रशने बटा उजळत नेण्याच्या कामाचा) रेट डोळ्यांत भरतो, पण सेक्शनिंग, ब्लीच, टोनर, वॉश आणि ड्रायर मिळून साडेतीन-चार तास सहज जातात. तेवढ्या वेळात कट किती झाले असते ते कागदावर मांडून बघा. तळाच्या सर्व्हिसेस काढून टाका.

रेट वाढवायला लोक फार घाबरतात. १० टक्के वाढ केली आणि शंभरातल्या नऊ क्लायंट गेल्या, तरी गल्ला जवळपास तेवढाच राहतो. माल कमी लागतो आणि नऊ जणींचा वेळ सुटतो. त्याऐवजी डिस्काउंटची स्कीम काढणं म्हणजे दमलेल्या माणसाने स्वतःहून गर्दी बोलावणं.

थकवाच आहे म्हणून अंगावर काढणं

रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर. थायरॉइड किंवा रक्तक्षय बर्नआउटसारखाच दिसतो आणि कितीही आराम केला तरी जात नाही. सलग दोन आठवडे दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी.

डोकं फक्त केराटिनच्या (केस सरळ करायच्या ट्रीटमेंटच्या) दिवशी दुखतं का, डोळे चुरचुरतात का, तेही बघा. काही स्ट्रेटनिंग सोल्युशन्समध्ये मिथिलीन ग्लायकॉल असतं. प्रेसिंगच्या उष्णतेने त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि तो कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत आहे. हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा. एसी तीच हवा फिरवत राहतो. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात कळ येत असेल तर स्प्रे मारून थ्रेडिंग चालू ठेवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या, थोडक्यात

जेवणाची वेळ कॅलेंडरवर ब्लॉक केलेली नसेल तर ती नाहीच, असं धरा.

बर्नआउटमध्ये असताना दुसरी शाखा, नवीन मशीन, नवीन कोर्स, काहीही नको. पार्टनरशिप मोडणं आणि जुन्या मुलीला काढणंही निदान सहा आठवडे थांबवा.

दुपारनंतर कॉफी नको. कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि झोप किमान सात तास हवी.

हसून बोलणं हेही काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम म्हटलं. फार बोलणाऱ्या दोन क्लायंट पाठोपाठ घेऊ नका.

रोज रील टाकलंच पाहिजे, हा नियम तुम्हीच केलाय. आठवड्यातून एक पुरतं.

बरं वाटलं की लगेच पूर्ववत

तीन आठवड्यांत झोप सुधारते, चिडचिड उतरते आणि लोक पुन्हा सहा दिवस पूर्ण भरतात. ही घाई सगळ्यात वाईट. समजा ५० वरून खुर्चीचे तास ३० वर आणलेत. तर सहा आठवडे ३० वरच राहा, मग आठवड्याला फार तर दोन तास वाढवा आणि ४० ला थांबा. पुढची वाढ स्टाफच्या खुर्च्यांवर होऊ द्या. दर रविवारी तीन गोष्टी लिहा: किती रात्री सात तास झोप झाली, किती वेळा रिडू (तेच काम परत करून) द्यावं लागलं, किती कार्डं अर्धवट राहिली. झोपेच्या रात्री पाचपेक्षा कमी असतील, किंवा रिडू नाहीतर अर्धवट कार्डं आधीच्या आठवड्यापेक्षा वाढली असतील, तर पुढच्या आठवड्यात तास वाढवायचे नाहीत. सलग दोन आठवडे तसंच झालं तर चार तास कमी करा आणि रिसेप्शनला त्याच दिवशी कळवा, नाहीतर ते स्लॉट संध्याकाळपर्यंत भरलेले असतील.