खो-खोचं जुन्या मापाचं मातीचं मैदान कसं आखावं

मॅट येण्याआधी कॉलेजच्या जिमखान्यामागे खो-खोचं मैदान मातीचंच असायचं. मीटरची मापं आल्यावर कित्येक वर्षं ते २९ बाय १६ मीटर होतं. आता ते २७ बाय १६ झालं आहे. माजी खेळाडूंचा सामना जुन्या मापावर खेळवायचा असेल तर नव्या मैदानावर नुसत्या रेषा सरकवून भागत नाही, सगळं पहिल्यापासून आखावं लागतं.

आधी माती. वीतभर खणा, खडे वेचा, वरचा थर चाळणीतून काढा. संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी मूठभर माती वळून बघा. लाडू व्हावा, पण बोटाने दाबताच फुटावा. वाफसा असा आला की रोलर फिरवा. ओल जास्त असेल तर माती रोलरला चिकटून पोपडे निघतात, कोरडी असेल तर पहिल्याच डावात धुरळा उडतो. खांबांभोवतालची दोन-तीन मीटर जागा मात्र दाबू नका, भुसभुशीत ठेवा. खांबावर गडी टिपायला खेळाडू सूर मारतो तो इथेच, आणि कडक जमिनीवर कोपर-गुडघे सोलून निघतात.

आता आखणी. पहिला कोपरा काटकोनात आणायला सुतळीवर ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण धरा. चारही कोपरे ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी ३३ मीटर १२ सेंटिमीटर भरले पाहिजेत. फरक पडला तर खुंट्या हलवा, पुढे जाऊ नका.

दोन्ही टोकांकडून २.७५ मीटर आत खांबाची रेषा. तिच्यापलीकडे मुक्त क्षेत्र, जिथे पाठलाग करणाऱ्याला दिशेचं बंधन नसतं. दोन खांबरेषांमधली मध्यपाटी २३.५० मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद. तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या आठ, प्रत्येकी ३० सेंटिमीटरच्या. खांबापासून पहिली पाटी २.५० मीटरवर, पुढे दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर.

इथे हमखास एक चूक होते. टेप उचलून प्रत्येक अंतर वेगळं मोजलं की दरवेळी बोटभर फरक पडतो आणि आठव्या पाटीपर्यंत तो साठत जातो. टेप एकदाच एका खांबरेषेपासून ताणा आणि पाट्यांच्या सुरुवातीच्या खुणा सलग करा: २.५०, ५.१०, ७.७०, १०.३०, १२.९०, १५.५०, १८.१०, २०.७०. शेवटची पाटी २१ मीटरवर संपते आणि पुढे बरोबर अडीच मीटर उरतात. ते उरले नाहीत तर पुन्हा मोजा.

खांब लाकडी, गोल, ९ ते १० सेंटिमीटर व्यासाचे, जमिनीवर १२० सेंटिमीटर. ते रेषेवर रोवायचे नाहीत, मुक्त क्षेत्राच्या बाजूने रेषेला टेकून रोवायचे. निदान दोन फूट जमिनीत जाऊ द्या, गाडलेल्या भागाला वाळवी लागू नये म्हणून डांबर लावा. खड्डा थोडा थोडा भरत प्रत्येक थर पहारीने ठोका. एकदम भरलेला खांब दुसऱ्या दिवशी हलतो. वरचा भाग सँडपेपरने घासा. एक कुसळ राहिलं तरी वळसा घेणाऱ्याचा तळहात फाटतो.

रेषांना फक्की वापरा. कळीचा चुना अजिबात नको. घामाने ओला झाला की तो कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.