भाकरी थापता थापता गीता कशी वाचावी

"वाचायचं मनात आहे हो, पण वेळ कुठंय," असं म्हणणाऱ्या बायांसाठी हे लिहितेय. सोलापुरात माझा कडक भाकरीचा धंदा आहे. पहाटे परात पुढ्यात आली की दुपारपर्यंत उठता येत नाही. तरी ज्ञानेश्वरी वाचून होते.

पहिल्या अध्यायाला हात घालू नका. 47 श्लोक आहेत, त्यातले बरेचसे योद्ध्यांच्या नावांत आणि शंखांत जातात, मग पोथी परत कपाटात. सुरुवात बाराव्यापासून करा, भक्तियोग. अवघे 20 श्लोक. पिठाच्या हातानं पोथी धरता येत नाही, म्हणून रात्रीच एक श्लोक किंवा एक ओवी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं मोठ्या अक्षरात लिहायची आणि चुलीसमोरच्या भिंतीला चिकटवायची. दिवसभर तेवढीच. पुढं जायची घाई करू नका.

बाराव्यातल्या 8 ते 11 या श्लोकांवर मात्र मुक्काम ठोका. देव म्हणतो, मन आणि बुद्धी माझ्यात ठेव. नाही जमत? मग अभ्यास कर. तोही होत नाही? मग माझ्यासाठी म्हणून कामं कर. तेवढंही झेपत नाही? मग केलेल्या कामाचं फळ सोड. बाजारात गिऱ्हाईक भाव पाडतं, इथं दुकानदारच आपणहून उतरत येतोय! तुमची पायरी कोणती ते प्रामाणिकपणे ठरवा. मी तिसरी धरली. जप करायला बसले की माझं लक्ष तव्याकडं जातं, आणि तिसऱ्या अध्यायाचा सहावा श्लोक अशा बसण्याला सरळ मिथ्याचार म्हणतो: हातपाय आवरलेले, मन विषयांत.

फळ सोड म्हणजे पैसे सोड, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भाव आधी ठरवायचा, उधारी मागायची, बायांची मजुरी वेळेवर द्यायची. 'कर्मण्येवाधिकारस्ते' सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच श्लोकाचा शेवटचा चरण, 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', कुणी म्हणत नाही. काम टाळण्यात जीव गुंतवू नकोस, असंही तिथंच सांगितलंय.

मग सोडायचं काय? ज्वारीची पातळ भाकरी थापताना कडेला चिरते. पाण्याचं बोट फिरवून ती चीर तिथल्या तिथं सांधावी लागते. वाळल्यावर, गठ्ठ्यात बांधल्यावर, गिऱ्हाइकाला ती दिसणारही नसते. तरी सांधायची, आणि 'बघा, किती नीट करते मी' हे मनातसुद्धा म्हणायचं नाही. हे दुसरं फार अवघड. भिंतीवर तेव्हा अठराव्यातली ही ओवी लावा:

तया सर्वात्मका ईश्वरा ।
स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा ।
तोषालागीं ॥

गीतेतल्या 'स्वकर्मणा तमभ्यर्च्य' या श्लोकावरची (18.46) ही ओवी. फुलं वेगळी आणायला नकोत.

बारावा झाला की तिसरा, कर्मयोग. त्यात 'स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु' ही ओवी भेटेल. तिला आठवडा द्या. त्यानंतर अठरावा. त्याच्या 1,810 ओव्या आहेत, तेव्हा दमानं.

अठराव्यात 41 ते 44 या श्लोकांत चार वर्णांची कामं वाटून दिलीत. गाळू नका, पण मान डोलवूनही पुढं जाऊ नका. श्लोक स्वभावातून आलेल्या गुणांची भाषा करतो. लोकांनी ते जन्मावर नेऊन बांधलं आणि त्याच्या जोरावर कितीकांना दाराबाहेर ठेवलं. मी तिथं थांबते आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्याचा अभंग म्हणते: 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी'. मळा सोडून ते कुठं गेले नाहीत, आणि देव कमी पडला नाही.

अर्थ अडला तर विनोबांची 'गीताई' जवळ ठेवा, मराठी सोपं आहे. आणि पाळीत वाचावं का, हे मला प्रत्येक बाई हळूच विचारते. त्या दिवसांत भाकरी थापता ना? मग वाचा.