संमतीपत्र आधी मोठ्याने वाचून दाखवा

‘भाषा सोपी करा’ म्हणून एथिक्स कमिटीकडून (संशोधनाला परवानगी देणारी समिती) संमतीपत्र, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्याच्या होकाराचा कागद, परत आलं की आठवडे जातात, आणि ऊसतोडीचा हंगाम थांबत नाही. सांगली भागात मजुरांवर संशोधन करणाऱ्यांनी एवढं करावं:

१. इंग्रजीवरून भाषांतर नको, थेट मराठीत लिहा.
२. अर्ज देण्याआधी दोन-तीन कमी शिकलेल्या ओळखीच्यांना वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं की माणसं भिडेपोटी हो म्हणतात. ‘आता तुम्ही मला सांगा, यात काय आहे’ असं म्हणा. अडखळले ते वाक्य बदला. ‘मध्येच नाही म्हटलं तरी चालतं’ हे अगदी वर घ्या.
३. अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदाराची जागा ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे.

साक्षीदार म्हणून मुकादम मात्र नको. त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या मजुराला त्याच्यासमोर नकार देणं जड जातं.